तरवडाची बी आणि दगडांची बाग

१. आल्प्सची बी मावल्यात उगवेल का?

आजकाल बियांची पाकिटं घरपोच येतात. त्यांतल्या काहींवर ‘अल्पाइन’ असं लिहिलेलं असतं आणि करड्या दगडाच्या कपारीत वीतभर उंचीचं, फुलांनी झाकलेलं झुडूप छापलेलं असतं. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलेली मंडळी तर अशी झुडपं डोळ्यांत साठवूनच परततात. मग अंगणात चार दगड रचून त्यांत असं काही लावावं, असं मनात येतं आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न समोर येतो : ही बी आमच्याकडे उगवेल का? आदिलाबाद शहराला खेटून असलेल्या मावल्यात, काळ्या मातीत, जिथे मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, तिथे?

उगवेल. पण जगणार नाही. ही दोन वाक्यं नीट समजली, तर तुमचे पैसे वाचतीलच, शिवाय आपल्याच माळावरचं एक देखणं झुडूप बियांपासून वाढवण्याची वाटही सापडेल. या प्रकरणात ती वाट टप्प्याटप्प्यानं पाहू.

आधी एक खुलासा. रॉक गार्डन म्हटलं की आपल्याकडे चंदीगडची नेकचंद यांची बाग आठवते. १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती बाग फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि टाकाऊ फरशांतून घडवलेल्या शिल्पांची आहे. बागवानीत मात्र रॉक गार्डन म्हणजे खडकाळ जागी वाढणाऱ्या झाडांसाठी दगड रचून तयार केलेला वाफा. युरोपात डोंगरमाथ्यांवरची झाडं मैदानातल्या बागेत जगावीत म्हणून ही पद्धत रूढ झाली. रेजिनाल्ड फॅरर या इंग्रज माळ्याचं ‘माय रॉक गार्डन’ हे पुस्तक १९०७ मध्ये आलं आणि घरोघरी असे वाफे दिसू लागले. दगड शोभेला नसतात, मुळांच्या सोयीला असतात, ही त्यातली खरी गोष्ट आपल्या कामाची आहे. तिच्याकडे पाचव्या भागात येऊ.

२. उगवणं वेगळं, जगणं वेगळं

हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडांची हद्द संपते. त्यावरच्या, म्हणजे अल्पाइन, पट्ट्यात उरतात ती गवतं, फुलझाडं आणि जमिनीला धरून वाढणारी झुडपं. तिथे वर्षातले तीन-चार महिनेच वाढीचे, बाकी बर्फ. तिथल्या झुडपाची बी शरद ऋतूत जमिनीवर पडते. ती लगेच रुजली तर कोवळं रोप पहिल्याच हिमानं मरेल. म्हणून अशा अनेक जातींच्या बीमध्ये अंकुर रोखून धरणारं एक द्रव्य असतं, ॲब्सिसिक ॲसिड. ओलाव्यात आणि थंडीत काही आठवडे गेले की त्याचा जोर ओसरतो, जिबरेलिन नावाच्या वाढीच्या द्रव्याचा जोर वाढतो आणि बर्फ वितळताच अंकुर बाहेर येतो.

हा हिवाळा घरीही देता येतो. ओलसर वाळूत बिया मिसळायच्या, डब्यात भरून फ्रिजमध्ये चार-पाच अंशांना दीड-दोन महिने ठेवायच्या. बऱ्याच अल्पाइन बिया यानंतर उगवतात. मावल्यात उगवेल असं म्हटलं, ते याच अर्थानं.

पुढे काय होतं, ते एका साध्या हिशेबानं बघू. उंची एक किलोमीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आदिलाबाद समुद्रसपाटीपासून सुमारे २६५ मीटरवर आहे. साडेतीन हजार मीटरवरच्या उतारापेक्षा ते सुमारे सव्वातीन किलोमीटर खाली. म्हणजे नुसत्या उंचीमुळे पडणारा फरक एकवीस अंशांचा. मावल्यात बेचाळीस अंश असताना त्या झुडपाला हवे असतात वीस-एकवीस.

दुपारचं ऊन सावलीचं कापड बांधून थोडंफार अडवता येतं. खरा घात रात्री होतो. पान दिवसा उजेडात साखर बनवतं, रात्री मात्र फक्त खर्च करतं. हा खर्च म्हणजे श्वसन, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. डोंगरावरची रात्र आठ अंशांची आणि आपल्याकडची मे महिन्यातली रात्र अठ्ठावीस अंशांची धरली, तर वीस अंशांचा फरक म्हणजे दोनदा दुप्पट, चौपट खर्च. दिवसाची कमाई तेवढीच किंवा उन्हानं घटलेली. रोप महिन्याभरात बारीक होत जातं आणि पाणी देणाऱ्याला वाटतं, पाणी कमी पडलं. तो आणखी पाणी घालतो, मग मूळ कुजतं.

ऱ्होडोडेंड्रॉन या हिमालयातल्या फुलझुडपाच्या बाबतीत मातीचीही अडचण आहे. त्याला आम्लधर्मी माती लागते. आपली काळी माती त्याउलट विम्लधर्मी, खाली चुनखडीचे खडे असलेली. अशा मातीत लोह असूनही त्याच्या मुळांना घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे अल्पाइन पट्टा सह्याद्रीतही नाही. ही झाडं त्यांच्या जागी जाऊन पाहावीत, अंगणात त्यांना छळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. आपल्या माळाचा मानकरी

मग मावल्याच्या दगडांत काय लावायचं? उत्तर रस्त्याच्या कडेला उभं आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ सोडून कुठल्याही मुरमाड चढावर जा, गुडघ्यापासून छातीपर्यंत उंचीचं, भाद्रपदात पिवळ्याजर्द घोसांनी लगडलेलं झुडूप दिसेल. मराठीत तरवड, तेलुगूत तंगेडु. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये त्याला कॅशिया वंशात बसवलं होतं. आज त्याची गणना सेना वंशात होते आणि त्याचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा.

तेलंगण राज्य झाल्यावर २०१४ मध्ये हेच राज्यफूल ठरलं. सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस बतुकम्मा हा फुलांचा सण चालतो. तरवडाची फुलं, कुरडू, झेंडू, शेवंती असे एकावर एक थर लावून उतरत्या शंकूसारखी रास रचतात, तिच्याभोवती बायका फेर धरतात आणि शेवटी ती पाण्यात सोडतात. याच दिवसांत मराठी घरांत घट बसतात, आणि मराठवाड्यात घटावर चढणाऱ्या माळांमध्ये तरवडाच्या फुलांची माळ ठरलेली असते. आदिलाबाद जिल्ह्यात एकाच गल्लीत एका दारी घट आणि पुढच्या दारी बतुकम्मा असते, आणि दोन्हींसाठी पहाटे माळावर जाणारी माणसं एकाच झुडपाचे घोस खुडत असतात. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर तरवड आहे तसाच आहे.

जवळून पाहा. पान संयुक्त, म्हणजे एका देठावर समोरासमोर आठ ते बारा जोड्या पर्णिका. जिथे पानाचा देठ फांदीला मिळतो तिथे दोन रुंद, गोलसर, कानाच्या पाळीसारखी उपपर्णं असतात आणि ती गळत नाहीत. दुसऱ्या कुठल्या टाकळ्या-बाहव्याच्या जातभाईशी गल्लत होऊ नये म्हणून हीच खूण लक्षात ठेवा. पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक उभ्या ग्रंथी दिसतात, तिथे मुंग्या घुटमळतात. साल तपकिरी, चिवट आणि टॅनिननं भरलेली. कातडी कमावण्यासाठी दक्षिणेत ही साल पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. मद्रासकडून परदेशी जाणारं कमावलेलं कातडं पुष्कळसं तरवडाच्या सालीवर तयार होत असे. याच तुरट चवीमुळे शेळ्या-मेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून चराऊ माळावर बाकी सगळं फस्त झालं तरी तरवड उभा असतो, ऐन वैशाखातही हिरवा.

अल्पाइन झुडपात माणसाला जे आवडतं ते सगळं याच्यात आहे : आटोपशीर उंची, दगडात वाढण्याची सवय, फुलांचा बहर, आणि मोसमाच्या टोकाच्या कडकपणाशी जुळवून घेतलेलं शरीर. फरक इतकाच की त्याचा कडक मोसम उन्हाळा आहे.

४. गणंग बी

आता बियांकडे येऊ, कारण लोक इथेच हरतात. पिकलेल्या शेंगा आणून, बिया काढून, कुंडीत पेरून रोज पाणी घातलं तरी महिनाभर काही दिसत नाही. एखाददुसरी बी उगवते, बाकी उकरून पाहिल्या तर जशा पेरल्या तशाच, टणक आणि कोरड्या. बी खराब होती असं वाटून माणूस नाद सोडतो. बी मात्र पूर्ण जिवंत असते.

मूग भिजत घातले की सकाळी सगळे दाणे फुगतात, पण चार-दोन दाणे तसेच राहतात. शिजवले तरी दाताखाली खडा लागावा तसे लागतात. त्यांना आपण गणंग म्हणतो. त्या दाण्याच्या सालीतून पाणी आतच शिरलेलं नसतं. मुगात असे दाणे थोडे, कारण माणसानं हजारो वर्षं सहज भिजणारे दाणेच निवडून पेरले. तरवड रानटी आहे, त्याला कुणी निवडलं नाही, म्हणून त्याच्या ताज्या बियांत गणंगच जास्त.

या सालीची रचना अशी : बाहेरून मेणचट पातळ थर, त्याखाली खांबांसारख्या उभ्या, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची एक रांग. पाण्याला यातून वाट नाही. अंकुर आत झोपलेला नसतो, रोखणारं द्रव्यही नसतं. फक्त पाणी पोहोचत नाही. हिमालयातल्या बीची आणि या बीची अडचण मुळातच वेगळी आहे, हे इथे पक्कं लक्षात घ्या. तरवडाची बी फ्रिजमध्ये सहा महिने ठेवलीत तरी उपयोग नाही. तिला थंडी नकोय, तिच्या सालीला भेग हवी आहे.

अशा सालीत बी किती काळ टिकते, याची एक खरी हकीकत आहे. १७९३ मध्ये चीनला गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळातल्या लोकांनी तिथून शिरीषाच्या एका जातीचे नमुने आणले. ते लंडनच्या संग्रहालयात कागदावर चिकटवून ठेवले होते. १९४० मध्ये बाँबहल्ल्यात इमारतीला आग लागली, ती विझवायला पाणी मारलं गेलं, आणि त्या जुन्या नमुन्यांवरच्या काही बियांना कोंब फुटले. १४७ वर्षांनंतर! आगीच्या धगीनं साल सैल झाली आणि पंपाच्या पाण्यानं पाऊस पाडला.

आपल्या माळावर हेच काम दरवर्षी होतं, आगीशिवाय. शेंगवर्गातल्या टणक बियांवर नाळेच्या खुणेजवळ एक नाजूक ठिपका असतो. मे महिन्यात उघड्या मुरमाचा पृष्ठभाग दुपारी साठ अंशांच्या आसपास तापतो आणि पहाटे तिशीपर्यंत उतरतो. आठवडे न्‌ आठवडे असं तापून-निवून तो ठिपका उचकटतो. तेवढ्यात मृगाचा पाऊस येतो आणि पाणी त्या जागेतून आत शिरतं. उन्हाळा संपला आणि पाऊस आला, या दोन्ही गोष्टींची खात्री झाल्याखेरीज बी रुजत नाही.

त्यातही सगळ्या बिया एकाच वर्षी उघडत नाहीत. काही पहिल्या पावसाळ्यात, काही दुसऱ्या, काही आणखी पुढे. जूनमध्ये पाऊस पडून जुलैत दडी मारली की काय होतं, हे आपल्या कापूस आणि सोयाबीनवाल्यांना सांगायला नको : दुबार पेरणी. तरवडाच्या झुडपाजवळ दुबार पेरणीची बी जमिनीतच शिल्लक असते.

५. दगड मांडायचे कसे

बी भिजवण्याआधी तिची जागा तयार हवी, म्हणून हा भाग मध्येच घेतो.

आदिलाबादची बरीचशी जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे, म्हणजे बेसॉल्टची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून तो तयार झाला. तो झिजून जी काळी माती बनली ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कापसाला ती उत्तम. झुडपाच्या मुळांना मात्र पावसाळ्यात तिच्यात श्वास घेता येत नाही, कारण चिकणमातीच्या कणांमधली सगळी जागा पाणी अडवून बसतं. तरवड माळावर दिसतो आणि सखल काळ्या रानात क्वचित, याचं कारण हे.

म्हणून वाफा खणून खोल करू नका, जमिनीच्या वर उचला. अंगणात पूर्ण ऊन येणारा कोपरा निवडा. सर्वांत खाली वीतभर जाडीची फुटक्या विटांची आणि दगडांची भर. तिच्यावर दीड-दोन फूट मुरूम, त्यात जाडी वाळू आणि थोडंसं कुजलेलं शेणखत. तीन घमेली मुरुमाला एक घमेलं वाळू आणि अर्धं घमेलं खत पुरे. खत जास्त झालं की झुडूप नुसतं पानांनी माजतं, फुलं कमी येतात.

दगड नदी-नाल्यातून किंवा जंगलातून उचलून आणू नका. दगडांखाली विंचू, पाली, बेडूक, कीटकांची वस्ती असते, ती उघडी पडते. खाणीवरचा टाकाऊ माल, जुन्या पडवीचे किंवा विहिरीचे काढलेले दगड मिळतात, ते चांगले. प्रत्येक दगड निदान एक तृतीयांश पुरायचा. वर नुसता ठेवलेला दगड पहिल्या पावसात सरकतो आणि दिसतोही ओझ्यासारखा. सगळ्या दगडांचा कल एकाच दिशेला ठेवा आणि वरची बाजू किंचित मागे, वाफ्याच्या आत झुकवा. मग दगडावर पडलेलं पाणी बाहेर ओघळण्याऐवजी मागच्या खाचेत, मुळांपाशी जातं.

याचा फायदा किती? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लीटर पाणी होतं. समजा दगडाचा उतार अर्धा चौरस मीटर आहे आणि त्यामागची खाच पाव चौरस मीटरची. दहा मिलिमीटरची सर आली, तर खाचेवर थेट पडतात अडीच लीटर आणि दगडावरून येतात पाच. म्हणजे साडेसात लीटर, तिप्पट. दगडानं स्वतः पाणी शोषलं नाही आणि माती झाकून ठेवल्यामुळे खालचा ओलावा उडूही दिला नाही. उन्हाळ्यात एखादा मोठा दगड उलटून बघा, बाजूची माती भाजलेली असताना त्याच्याखाली हाताला गारवा लागतो. खडकाळ माळावर झुडूप दगडाच्या कडेलाच का उगवतं, ते यावरून कळेल. मावला ज्या पट्ट्यात आहे तिथे वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस होतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. बाकीचे आठ महिने हा साठाच कामी येतो.

६. बी भिजवणं आणि पेरणं

शेंगा हिवाळ्याच्या शेवटी पिकतात. त्या चपट्या, कागदासारख्या पातळ, बोटभर लांब आणि तपकिरी होतात. वाऱ्यानं हलल्या की आत बिया खुळखुळतात. बी चपटी, तपकिरी, अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब. प्रत्येक बी उजेडात धरून बघा. बारीक गोल भोक दिसलं तर आतला गर किड्यानं खाल्लेला असतो, ती टाकून द्या.

बियांची साल सैल करायच्या दोन घरगुती पद्धती आहेत.

पहिली गरम पाण्याची. पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बिया टाका. पाणी बियांच्या निदान दहापट असू द्या, म्हणजे ते हळूहळू निवतं. उकळत्या पाण्यात बिया शिजवू नका, अंकुर मरतो. रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या. सकाळी फुगलेल्या बिया मोठ्या आणि बोटाला मऊ लागतात, त्या वेगळ्या काढा. उरलेल्या टणक बियांना पुन्हा एकदा गरम पाणी द्या.

दुसरी पद्धत पॉलिश कागदाची. बी चिमटीत धरा आणि नाळेची खूण जिथे आहे त्याच्या विरुद्ध बाजूची कड कागदावर घासा. आतला फिकट थर किंचित दिसला की थांबा. खुणेच्या बाजूला घासू नका, अंकुराचं मूळ तिथे असतं. मग साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. थोड्या बियांसाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची. रोपवाटिकांत गंधकाम्लही वापरतात, पण ते घरी आणू नये. डोळे आणि कातडीपेक्षा तरवड मोठा नाही.

बिया किती पेरायच्या, याचाही हिशेब करता येतो. आधी वीस बिया तयार करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. समजा आठवड्यात आठ उगवल्या, म्हणजे उगवण चाळीस टक्के. तुम्हाला सहा झुडपं हवीत. गोगलगायी, मर आणि अतिपावसात तीनातलं एक रोप जाईल असं धरा, तर नऊ रोपं लागतील. नऊ रोपांसाठी शंभरात चाळीस या दरानं तेवीस बिया. पंचवीस पेरा.

वेळ मृगाची, जूनचा दुसरा आठवडा. शक्यतो थेट दगडांच्या खाचेतच पेरा, बोटाच्या पेराएवढी खोल, एका खाचेत तीन-चार. तरवडाचं सोटमूळ पहिल्या महिन्यापासून सरळ खाली जातं आणि ते मोडलेलं त्याला सोसत नाही. कुंडीत करायचंच असेल तर उंच, अरुंद पिशवी घ्या आणि दीड-दोन महिन्यांच्या आत, पाऊस चालू असतानाच, मातीच्या गोळ्यासकट हलवा. आधी दोन जाड बीजपत्रं वर येतात, मग पहिलं संयुक्त पान. रोपं वीतभर झाली की प्रत्येक खाचेतलं सर्वांत धट्टंकट्टं रोप ठेवा, बाकीची कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटलीत तर शेजारच्याचं मूळ दुखावतं.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण सावकाश आणि खोलवर पाणी द्या. रोज शिंपडलेलं पाणी मुळांना वरच अडकवून ठेवतं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून पाण्याची गरज उरत नाही. खताची तर कधीच नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर फांद्या एक तृतीयांश छाटा, कारण फुलं नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात.

पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पानं खातील. खाऊ द्या. झुडूप त्यातून सावरतं. औषध मारलं तर पुढच्या भागातला पाहुणाही येणार नाही.

७. फुलाचा पाहुणा

तरवडाच्या फुलात मध नसतो. तरी सकाळी त्याच्यावर मोठे काळे भुंगे गुणगुणत असतात. ते परागासाठी येतात, आणि पराग मिळवायला त्यांना खटपट करावी लागते. बहुतेक फुलांचे परागकोश उभे चिरतात आणि पराग उघडा पडतो. याचे कोश बंद नळीसारखे, टोकाला फक्त बारीक भोक. भुंगा फुलाला पायांनी कवटाळतो आणि छातीचे स्नायू जोरात थरथरवतो. तो आवाज चार पावलांवरून ऐकू येतो. त्या थरथरीनं भोकातून पराग उडतो. काही पुंकेसर आखूड, त्यांचा पराग भुंग्याच्या पोटापाण्याचा. काही लांब आणि वाकडे, त्यांचा पराग त्याच्या अंगाला अशा जागी चिकटतो की तो पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला लागतो. वरचे तीन पुंकेसर तर खुरटेच, त्यांच्यात पराग नसतो.

म्हणून भुंग्याला घर हवं. तो वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो. बागेच्या कोपऱ्यात एखादा जुना ओंडका किंवा बांबूचा तुकडा पडू द्या. भुंगे नसतील तर फुलं येतील, शेंगा फारशा धरणार नाहीत.

८. शेजारी कोण?

एकट्या तरवडावर बाग भागत नाही. याच माळावरची तीन झुडपं त्याच्या जोडीला शोभतात. मुरुडशेंगेची बीही टणक, तिला गरम पाणीच द्या. करवंदाची उलट गत : ती वाळली की मरायला लागते, म्हणून फळ खाऊन त्याच आठवड्यात पेरायची. धायटीची बी धुळीसारखी बारीक, तिला उजेड लागतो. तिच्यावर माती घालायची नाही, ओल्या वाळूवर नुसती भुरभुरायची आणि खालून पाणी पाजायचं. गंमत अशी की हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनची बीही याच पद्धतीनं पेरतात. ज्यांना ते कौशल्य आजमावायचं आहे त्यांनी धायटीवर आजमावावं. तिची तांबडी-केशरी फुलं हिवाळ्याच्या शेवटी येतात, तेव्हा तरवडाचा बहर ओसरलेला असतो.

९. शेंगा तोडण्याआधी

तरवड दुर्मीळ नाही. पण रस्ते रुंद होताना, प्लॉट पडताना आणि माळ सपाट होताना गावालगतची झुडपं आधी जातात, आणि बतुकम्मा व घटासाठी फुलं खुडायला दरवर्षी जास्त लांब जावं लागतं. घोस खुडले की त्या फांदीवर शेंग धरत नाही, हेही आहेच. म्हणून माळावरून बी आणायला जाल तेव्हा एका झुडपाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नका. पाच-सहा झुडपांवरून प्रत्येकी मूठभर घ्या, निम्म्याहून जास्त शेंगा जागेवर राहू द्या. आणि नवरात्रात तुमच्या अंगणातला तरवड फुलला की शेजारणीला आधी सांगा, म्हणजे ती माळावरच्या झुडपाला हात लावणार नाही.